चकतीवरचे आकडे, जसेच्या तसे

१ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये सोनी कंपनीचा सीडीपी-१०१ हा वादनसंच विक्रीला आला आणि त्याच्या सोबतीने संगीताच्या पहिल्या सीडी दुकानांत मांडल्या गेल्या. सुई आणि खाच यांच्या जागी लेसरचा किरण आणि सूक्ष्म खळगे आले. पण खरा बदल त्याहून खोलवरचा होता. जुन्या तबकडीवर आवाजाची आकृतीच कोरलेली असे. सीडीवर आकडे लिहिलेले असतात. आकृतीची नक्कल करताना ती दर वेळी थोडी बिघडते. आकड्यांचे तसे नसते. ३७ हा आकडा वहीतून वहीत शंभर वेळा उतरवला तरी तो ३७ च राहतो. अट एवढीच की उतरवणाऱ्याने चूक करू नये.

मग घरातल्या किंवा शाळेच्या वाचनालयातल्या सीडी संगणकात उतरवून घ्यायच्या तर त्यात अवघड ते काय? अनेकांनी हे काम करून टाकले, गाणी ऐकून पाहिली आणि समाधान मानले. पण त्यांतल्या कितीतरी जणांच्या संगणकात उतरलेले आकडे हे चकतीवरचे आकडे नव्हतेच. कानाला ते कळले नाही, कारण कानाला कळू नये अशीच सीडीची रचना आहे. ही रचना कशी ठरली, आणि तिच्यावर मात करून आकडे जसेच्या तसे, तेही कमी जागेत आणि कमी वेळात, मिळवण्याच्या युक्त्या कशा सापडत गेल्या, हा इतिहास आम्हांला शिक्षकांसमोर मांडावासा वाटतो. त्यातले बरेचसे गणित आठवी-नववीच्या वर्गात करून दाखवता येण्यासारखे आहे.

४४,१०० कुठून आले?

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातले चढउतार. हा दाब ठरावीक कालांतराने मोजत गेलो की आकड्यांची माळ तयार होते. दर सेकंदाला किती वेळा मोजायचे? ऐकू येणाऱ्या सर्वांत उंच कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळा, हे उत्तर नायक्विस्ट व शॅनन यांच्या कामातून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मिळाले होते. तरुण माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते (शिक्षकांच्या खोलीत बसणाऱ्या बहुतेकांची मर्यादा याहून बरीच खाली आलेली असते). म्हणजे सेकंदाला ४०,००० हून थोडी जास्त मोजणी पुरे. मग ४४,१०० हा विचित्र आकडाच का?

याचे उत्तर ध्वनीत नाही, टेलिव्हिजनमध्ये आहे. १९७० च्या दशकात इतके आकडे भराभर टिपून घेईल अशी सोयीची वस्तू एकच होती, ती म्हणजे चित्रफितीचे मुद्रणयंत्र. अभियंत्यांनी आवाजाचे आकडे काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात टेलिव्हिजनच्या आडव्या रेषांवर मांडले, एका रेषेवर तीन आकडे या हिशेबाने. अमेरिका-जपानच्या पद्धतीत सेकंदाला ६० क्षेत्रे आणि प्रत्येकात वापरण्याजोग्या २४५ रेषा: ६० × २४५ × ३ = ४४,१००. युरोपच्या, आणि आपल्याही, पद्धतीत ५० क्षेत्रे व २९४ रेषा: ५० × २९४ × ३ = ४४,१००. दोन्हीकडे जमणारा आकडा निवडला गेला. पुढे त्या फिती गेल्या, आकडा राहिला.

प्रत्येक मोजणी १६ बिटांची, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक. डावा-उजवा असे दोन प्रवाह. ४४,१०० × १६ × २ = सेकंदाला १४,११,२०० बिट. ७४ मिनिटांच्या चकतीवर हे सुमारे ७८ कोटी ३० लाख बाइट होतात. १९८० मध्ये घरगुती संगणकांसाठी आलेल्या सीगेटच्या हार्ड डिस्कची क्षमता ५० लाख बाइट होती. एका सीडीसाठी अशा दीडशेहून अधिक डिस्क लागल्या असत्या. या चकतीवरचे आकडे कोणी घरी उतरवून घेईल ही चिंता त्या वेळी कोणाला नसावी, याचे नवल नाही.

७४ मिनिटे बेथोव्हनची नववी सिंफनी मावावी म्हणून ठरली, ही गोष्ट फार लोकप्रिय आहे. या कामात स्वतः सहभागी असलेले फिलिप्सचे अभियंते कीस इमिंक यांनी ती इतकी सरळ नसल्याचे पुढे लिहिले. फिलिप्सच्या गटाचा हॅनोव्हरचा कारखाना साडेअकरा सेंटिमीटरच्या चकत्या काढण्याच्या तयारीत होता, सोनीकडे तसा कारखाना नव्हता. व्यास बारा सेंटिमीटर केला की दोघेही शर्यतीच्या एकाच रेषेवर येत होते. आम्हांला ही दुसरी गोष्ट अधिक पटते, जरी पहिली सांगायला गोड आहे.

चूक होणारच, हे धरून

सीडीवर खळग्यांची एकच सर्पिल रेघ आतून बाहेर जाते. तिच्या शेजारच्या दोन फेऱ्यांमधले अंतर १.६ मायक्रॉन. आपल्या डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे चाळीसेक फेरे बसतील. हाताळलेल्या चकतीवर धूळ, बोटांचे ठसे आणि ओरखडे असणारच. म्हणजे वाचताना चुका होणारच, हे गृहीत धरून रचना करावी लागली.

चूक स्वतःच सापडावी आणि दुरुस्त व्हावी, ही कल्पना बेल प्रयोगशाळेतल्या रिचर्ड हॅमिंग यांची. शनिवार-रविवारी देखरेखीला कोणी नसताना तिथले संगणनयंत्र चूक आढळली की हातातले गणित टाकून पुढच्या गणिताकडे जाई. वैतागलेल्या हॅमिंगनी विचार केला, की यंत्राला चूक झाल्याचे कळते तर ती कुठे झाली हेही का कळू नये? १९५० मध्ये त्यांचा संकेत प्रसिद्ध झाला. १९६० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या लिंकन प्रयोगशाळेतल्या आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी जेमतेम पाच पानांचा एक निबंध लिहिला. सीडी उभी आहे ती त्या पाच पानांवर.

त्यांची मूळ कल्पना वर्गात अशी करून पाहावी. मला ३ आणि २ हे दोन आकडे पाठवायचे आहेत. ते तसेच न पाठवता मी y = ३ + २x ही रेषा घेतो आणि x ला १, २, ३, ४ या किमती देऊन ५, ७, ९, ११ हे चार आकडे पाठवतो. वाटेत ९ चा ६ झाला. घेणाऱ्याने ५, ७, ६, ११ हे चार बिंदू आलेखावर मांडले तर त्याला दिसेल की तीन बिंदूंतून जाणारी सरळ रेषा एकच निघते, आणि चौथा बिंदू तिच्याबाहेर पडला आहे. चुकलेला आकडा कोणता आणि बरोबर काय, दोन्ही कळले. आता समजा कोणते आकडे पुसले गेले हे आधीच ठाऊक आहे. तर चारांपैकी दोन गेले तरी उरलेल्या दोघांतून रेषा काढता येते. दोन आकडे जादा पाठवले, तर एक अज्ञात चूक किंवा दोन ज्ञात गाळलेल्या जागा भरता येतात. रीड आणि सॉलोमननी रेषेऐवजी अधिक घाताच्या बहुपदी घेतल्या, आणि आकडे फुगत जाऊ नयेत म्हणून २५६ घटकांच्या सांत क्षेत्रातले गणित वापरले, म्हणजे एक प्रकारचे घड्याळी गणित, ज्यात उत्तर कधीही एका बाइटाबाहेर जात नाही. अडचण होती ती चूक भराभर शोधण्याची. ती रीत १९६८ मध्ये एल्विन बर्लेकॅम्प यांनी दिली.

सीडीवर हा संकेत दोन थरांत वापरला आहे. २४ बाइट संगीतामागे ८ बाइट दुरुस्तीसाठी. शिवाय शेजारचे बाइट मुद्दाम दूरदूर पांगवलेले असतात, रेघेवर सुमारे दीड-दोन सेंटिमीटर लांबीच्या पट्ट्यात. वर्गातली पंचवीस मुले एका बाकावर न बसवता वेगवेगळ्या बाकांवर बसवली तर एक बाक मोडल्याने सगळा गट जात नाही, तसेच हे. सोनीच्या तोशितादा दोई यांच्या गटाने यावर मुख्य काम केले. परिणाम असा, की रेघेच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटरचा डाग पडला तरी एकही आकडा हरवत नाही. म्हणूनच चकती पुसताना मधून बाहेरच्या काठाकडे पुसावी. गोल फिरवून पुसताना ओरखडा पडला तर तो रेघेच्या दिशेने पडतो आणि या सगळ्या बंदोबस्ताला भारी ठरतो.

डाग अडीच मिलिमीटरहून मोठा असेल तर? इथे सीडीची खरी गंमत आणि खरी खोच आहे. वादनसंच हरवलेल्या आकड्याच्या मागचा व पुढचा आकडा घेऊन त्यांची सरासरी तिथे बसवतो. कानाला काही कळत नाही. ऐकण्यापुरते हे उत्तमच. पण नक्कल करणाऱ्याला मिळालेला तो आकडा चकतीवरचा नसतो, संचाने मनाने घातलेला असतो, आणि संच तसे सांगतही नाही.

केसरबाईंसोबत गेलेला संकेत

रीड-सॉलोमन संकेत सीडीबरोबर घराघरात गेला, त्याच सुमारास तो आणखी एका प्रवासात होता. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये व्हॉयेजर यानांची जोडी निघाली. दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची ध्वनिमुद्रिका आहे आणि तिच्यावर गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांनी गायलेली भैरवी आहे. व्हॉयेजर-१ निघाल्यावर अकराव्या दिवशी, १६ सप्टेंबर १९७७ ला, केसरबाईंचे निधन झाले. त्यांचा आवाज त्या मुद्रिकेवर जुन्या पद्धतीने, खाचेच्या आकृतीत कोरलेला आहे. यानाकडून येणारी माहिती मात्र आकड्यांची.

गुरूजवळ असताना व्हॉयेजर सेकंदाला १,१५,२०० बिट पाठवू शकत होते. जानेवारी १९८६ मध्ये व्हॉयेजर-२ युरेनसपाशी पोचले तेव्हा अंतरामुळे हा वेग २१,६०० वर आला होता. एका चित्रात ८०० × ८०० ठिपके, प्रत्येकी ८ बिट. एवढ्या अरुंद वाटेने ती कशी आणायची? दोन उपाय झाले. पहिला, चुका सुधारण्यासाठी आधीच्या संकेतापेक्षा खूप कमी जादा बिट मागणारा रीड-सॉलोमन संकेत वापरात आणला. दुसरा, प्रत्येक ठिपक्याची पूर्ण तेजस्विता न पाठवता शेजारच्या ठिपक्याशी असलेला फरक तेवढा पाठवायचा, असे यानावरच्या संगणकाला पृथ्वीवरून शिकवले. त्यामुळे एका चित्राला लागणारे बिट सुमारे ६० टक्क्यांनी घटले. या दुसऱ्या उपायामागे जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेतले रॉबर्ट राइस यांचे १९७१ पासूनचे काम होते. आज आपल्या संगणकात गाणे अर्ध्यापाऊण जागेत बसते ते राइस यांच्याच रीतीने.

काही न गमावता लहान

एखादी फाइल लहान करायची आणि नंतर तिच्यातला बिट अन् बिट परत मिळवायचा, हे मुळात शक्य आहे का? सरसकट नाही, हे मोजूनच दाखवता येते. n बिटांच्या वेगवेगळ्या फाइल २ⁿ असतात, आणि त्यांहून लहान सगळ्या मिळून फक्त २ⁿ − १. खुर्च्या कमी आणि माणसे जास्त. सगळ्यांना लहान करणारी जादू असू शकत नाही. पण गाण्याचे आकडे म्हणजे वाटेल ते आकडे नव्हेत, त्यांत सातत्य असते. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये हेच दाखवले, की संदेशात जेवढे अनपेक्षित असेल तेवढीच जागा त्याला खरोखर लागते.

उदाहरणादाखल आवाजाचे सलग सहा आकडे घेऊ: १०००, १०१२, १०२३, १०३३, १०४१, १०४८. यांतले फरक १२, ११, १०, ८, ७. फरकांचे फरक −१, −१, −२, −१. आता १०००, १२ आणि ही शेवटची ओळ एवढे लिहून ठेवले तर मूळ आकडे बेरजा करून परत मिळतात, विद्यार्थ्यांनी करून पाहावे. मोठे आकडे गेले, चिमुकले राहिले. वेगळ्या शब्दांत सांगायचे तर आपण मागच्या दोन आकड्यांवरून पुढच्याचा अंदाज केला आणि अंदाज किती चुकला तेवढेच टिपले.

अंदाज जितका चांगला तितके टिपण लहान. चांगला अंदाज करण्याची रीत दूरध्वनीवर बोलणे स्वस्तात पाठवण्याच्या प्रयत्नातून आली. जपानमध्ये फुमितादा इताकुरा आणि शुझो सायतो, तर बेल प्रयोगशाळेत बिष्णू अटल आणि मानफ्रेड श्रोडर यांनी १९६० च्या दशकात मागच्या अनेक आकड्यांना योग्य ते वजन देऊन पुढचा आकडा वर्तवण्याची पद्धत स्वतंत्रपणे बसवली. यांतले अटल कानपूरचे, लखनौ विद्यापीठात आणि बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव आम्हांला कधी दिसले नाही. दिसायला हवे होते.

उरलेले चिमुकले आकडे लिहायचे कसे? प्रत्येकाला सोळा जागा दिल्या तर काही वाचणार नाही. १९६६ मध्ये सॉलोमन गोलोम्ब यांनी एक संकेत सुचवला (तो शोधनिबंध जुगारघरात बसलेल्या एका गुप्तहेराच्या गोष्टीने सुरू होतो, हे शोधनिबंधांच्या वाचकांनी मुद्दाम पाहावे). राइस यांचा संकेत त्याचेच सोपे रूप. समजा ९ लिहायचे आहेत. ९ ला ४ ने भागा: भागाकार २, बाकी १. भागाकार २ म्हणून दोन शून्ये आणि संपल्याची खूण म्हणून १ लिहा, मग बाकी द्विमान पद्धतीने दोन जागांत लिहा: ००१ ०१. सोळा जागांऐवजी पाच. आकडे सरासरीने मोठे असतील तर ४ ऐवजी ८ ने किंवा १६ ने भागायचे. कशाने भागायचे ते गाण्याच्या तुकड्यागणिक ठरवता येते. ऋण आकड्यांसाठी ०, −१, १, −२, २ यांना अनुक्रमे ०, १, २, ३, ४ म्हणायचे की झाले.

केंब्रिजमध्ये वाणी ओळखणाऱ्या संगणकांवर काम करणाऱ्या टोनी रॉबिन्सन यांनी अंदाज आणि राइस संकेत यांची सांगड घालून ‘शॉर्टन’ ही आज्ञावली केली. तिचे वर्णन १९९४ च्या त्यांच्या अहवालात आहे. पुढे जॉश कोल्सन यांनी २००० मध्ये सुरू केलेले ‘फ्लॅक’ २० जुलै २००१ रोजी पूर्ण रूपात आले. ते कोणालाही फुकट वापरता येते, त्याची रचना उघड आहे, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिला इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांत प्रमाण म्हणून स्थान मिळाले. फ्लॅकमध्ये साधारणतः मूळच्या निम्म्यापासून दोनतृतीयांशापर्यंत जागा लागते. एकट्या गायकाचे शांत ध्वनिमुद्रण जास्त आक्रसते, सतत कर्कश वाजणारे कमी, कारण तिथे अंदाज चुकत राहतो.

एमपी-३ ची गोष्ट वेगळी. सेकंदाला १,२८,००० बिटांची एमपी-३ फाइल मूळच्या अकराव्या हिश्श्यात बसते, पण ती कानाला न कळणारे भाग टाकून देते, आणि टाकलेले परत येत नाही. बसमध्ये ऐकायला ती पुरेशी आहे. जपून ठेवायला नाही.

पत्ता नसलेली पाने

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चकतीवरचे आकडे संगणकात आणायचे कसे? संगणकाच्या माहितीची सीडी-रॉम निघाली तेव्हा तिच्या रचनाकारांनी सेकंदाच्या प्रत्येक पंचाहत्तराव्या भागाचे, म्हणजे २,३५२ बाइटांच्या खंडाचे, वेगळे वाटप केले: १२ बाइट सुरुवातीच्या खुणेचे, ४ पत्त्याचे, २,०४८ माहितीचे आणि २८८ जादा तपासणी-दुरुस्तीचे. गाण्याच्या सीडीत हे २,३५२ च्या २,३५२ बाइट संगीताचेच आहेत. म्हणजे खंडावर पत्ता नाही आणि दुरुस्तीचा तिसरा थरही नाही. पत्ता असतो, पण तो शेजारून वाहणाऱ्या वेगळ्या प्रवाहात, आणि गाणे वाजवणाऱ्याला पुरेल इतपतच नेमका. पुस्तकाच्या पानांवर आकडे नसावेत आणि ‘साधारण इथे’ म्हणून खूण घातलेली असावी, तशातला प्रकार.

गाणे सलग वाजवताना याने काही बिघडत नाही. संगणक मात्र थोडे वाचतो, थांबतो, पुन्हा वाचतो. जुन्या वाचकयंत्रांना थांबल्यावर नेमक्या त्याच जागी परतता येत नसे. काही आकडे दोनदा येत, काही सुटत, आणि गाण्यात बारीक टकटक ऐकू येई. १९९० च्या दशकाच्या शेवटी दोन आज्ञावल्यांनी यावर तोड काढली. अमेरिकेत क्रिस्टोफर माँटगोमेरी यांची ‘सीडीपॅरानॉइया’ आणि जर्मनीत आंद्रे वीटहोफ यांची १९९८ मधली ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’. पहिलीचे नावच तिच्या स्वभावाचे वर्णन आहे: यंत्र सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा नाही. प्रत्येक भाग मागच्या भागावर थोडा चढवून वाचायचा आणि दोन वाचनांतले सारखे आकडे एकमेकांवर बसवून सांधा शोधायचा. दुसरीची भर अशी, की शंकास्पद जागा पुन्हा पुन्हा वाचून, बहुतेक वाचने एकाच उत्तरावर आली तरच ते मान्य करायचे.

याच काळात ध्वनिमुद्रण कंपन्यांनी उलटा उद्योग आरंभला. २००१ च्या सुमारास नक्कल रोखण्यासाठी काही सीडींवर मुद्दाम चुका पेरल्या जाऊ लागल्या. वादनसंच सरासरी काढून त्या झाकेल आणि संगणक अडखळेल, असा हिशेब. पण ओरखड्यांसाठी राखलेली दुरुस्तीची पुंजी त्यात आधीच खर्च होत होती. अशा चकत्यांवर सीडीचे अधिकृत चिन्ह छापता येणार नाही, असे फिलिप्सनेच २००२ मध्ये बजावले. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या काही सीडी ग्राहकाच्या संगणकात लपून बसणारी आज्ञावली घालतात हे मार्क रुसिनोविच यांनी उघडकीला आणल्यावर हा सगळा प्रकार ओसरला.

काम लवकर कसे उरकते

सगळे दोनदा-तीनदा वाचणे हा खात्रीचा पण वेळखाऊ मार्ग. खरी बचत एका साध्या निरीक्षणातून झाली: एकाच साच्यातून निघालेल्या हजारो चकत्यांवर तेच आकडे असतात. मग माझे आकडे बरोबर आहेत का हे माझ्याच चकतीला पुन्हा विचारण्याऐवजी दुसऱ्या गावच्या माणसाला का विचारू नये? ‘अ‍ॅक्युरेटरिप’ या संचयात जगभरच्या लोकांनी उतरवलेल्या गाण्यांची केवळ तपासबेरीज साठवलेली असते, गाणी नव्हे. तुमची बेरीज अनोळखी दहा जणांशी जुळली तर दहा वेगवेगळ्या यंत्रांनी, दहा वेगवेगळ्या ओरखड्यांसह, तीच चूक केली असण्याची शक्यता नगण्य. फक्त आधी एक दुरुस्ती करावी लागते. प्रत्येक बनावटीचे वाचकयंत्र काही ठरावीक आकडे पुढे किंवा मागे सरकून वाचू लागते, आणि तो सरक एकदा नोंदवून वजा करावा लागतो.

हिशेब असा पडतो. तासाभराच्या ५०० सीडी म्हणजे सुमारे ३१७ अब्ज बाइट. फ्लॅकमध्ये साठ टक्के धरले तर १९० अब्ज, आजच्या साध्या हार्ड डिस्कच्या एका कोपऱ्यात बसणारे. वादनाच्या वीसपट सरासरी वेगाने एक चकती तीन मिनिटांत वाचून होते, म्हणजे एकूण २५ तास. पहिले वाचन वेगाने करावे, बेरीज जुळली की पुढची चकती घालावी, आणि न जुळलेल्याच तेवढ्या बाजूला ठेवून नंतर सावकाश वाचाव्यात. ‘क्यूटूल्स’चा संचय तर याहून पुढे जातो. त्यात बेरजेबरोबर जादा दुरुस्तीचे आकडेही ठेवलेले असतात, आणि थोडेच आकडे चुकले असतील तर ते घरबसल्या दुरुस्त होतात. तिथे वापरलेला संकेत पुन्हा रीड-सॉलोमनचाच आहे. फ्लॅकला ० ते ८ अशा पायऱ्या आहेत. त्यांनी फक्त जागा आणि वेळ बदलतो, आवाज नाही. यावर वाद घालणारे भेटले तर फाइल उलगडून आकडे ताडून दाखवावेत. मूळ आकड्यांची एक तपासखूण फ्लॅक फाइलमध्येच असल्याने ती फाइल पुढे कधी सडली तर तेही कळते.

खरा वेळ खातात ती नावे. गाण्याच्या मूळ सीडीवर गाण्यांची नावे नसतात. कोणते गाणे कुठे सुरू होते एवढाच तक्ता असतो. त्या तक्त्यावरून चकती ओळखण्याची सोय १९९० च्या दशकात सीडीडीबीने केली, आणि ती पुढे खासगी मालकीची झाली तेव्हा म्युझिकब्रेन्झसारखे खुले संचय उभे राहिले. आपल्या संगीताची तिथे त्रेधा उडते. ‘कलाकार’ आणि ‘संगीतकार’ या रकान्यांत राग, ताल, बंदिश, साथीदार बसवायचे कसे? एकाच गायकाचे नाव रोमन लिपीत चार प्रकारांनी लिहिलेले आढळते. फ्लॅकच्या नोंदींत देवनागरी चालते आणि हवे ते रकाने वाढवता येतात. पाचपन्नास चकत्या झाल्यावर नव्हे, पहिल्या चकतीपासूनच नावांचा एक नियम ठरवून घ्यावा.

आणि कोणत्या चकत्या आधी घ्याव्यात? छापील सीडी बऱ्याच टिकतात, सगळ्याच नाही. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या पीडीओ कारखान्यात १९८८ ते १९९३ दरम्यान निघालेल्या कितीतरी सीडी तपकिरी पडल्या, कारण त्यांच्यावरच्या लाखेला कागदी वेष्टनातल्या गंधकापासून बचाव करता आला नाही. पण एक हरवली तरी तशीच दुसरी कुठेतरी सापडते. घरी लिहिलेल्या सीडी-आरचे तसे नाही. स्नेहसंमेलनाचे गाणे, निवृत्त झालेल्या मुख्याध्यापकांचे भाषण, एखाद्या बुवांची खासगी बैठक, ही जगात एकाच चकतीवर असतात. त्यांत खळगे नसून रंगद्रव्याचा थर असतो, आणि तो उन्हाने व उष्णतेने विटतो. कोणत्याही संचयात त्यांची तपासबेरीज नाही. त्या दोन निरनिराळ्या बनावटीच्या यंत्रांवर वाचून स्वतःच ताडाव्या लागतात, म्हणून त्यांना वेळ जास्त लागतो, आणि त्यांच्याजवळ वेळ कमी असतो. तोवर त्यांच्यावर बॉलपेनने नाव घालू नये. आपण लेबलची बाजू दणकट समजतो, पण चकचकीत थर तिथेच, लाखेच्या पातळ पापुद्र्याखाली असतो, आणि खालच्या बाजूला मिलिमीटरभर प्लॅस्टिक त्याला सांभाळत असते.